कर्नलला विचारून सांगतो

शारजाहून हमरिया फ्री झोनकडे जाताना वाटेत एक चहाचं दुकान लागतं. तिथली रीत अशी, की गाडी दुकानासमोर उभी करायची, हॉर्न द्यायचा आणि बसून राहायचं. चहावाला धावत येतो, काचेतून ऑर्डर घेतो, काचेतून कागदी कप देतो, दोन दिरहम घेतो, की खलास. दोन दिरहम म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये, हा हिशेब आम्ही मराठी माणसं पहिली दोन वर्षं मोठ्यानं करतो आणि नंतर मनातल्या मनात. मला रोज आपल्या गाडीतून कामावर नेणाऱ्या सुभेदारांनी ही रीत एक दिवसही पाळली नाही. ते गाडी बंद करायचे, हँडब्रेक ओढायचे, उतरायचे, दार लावायचे आणि काउंटरवर जाऊन दोन चहा मागायचे. ते उतरल्यावर मी गाडीत बसून राहणं बरं दिसेना, म्हणून मीही उतरायचो. सकाळी साडेपाचलाच घाम फोडणाऱ्या उकाड्यात आम्ही दोघं फुटपाथवर उभे राहून चहा प्यायचो. सुरुवातीला चहावाल्यालाच त्याचा राग यायचा. आपण धावायला कमी पडतो की काय, असं त्याला वाटायचं.

मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, "साहेब, घोड्यावर बसून माणसाशी बोलू नये. उतरून बोलावं."

घोडा म्हणजे त्यांची पांढरी सेकंडहँड गाडी. आणि हे वाक्य त्यांचं नव्हतं, कर्नलचं होतं. आमच्या यार्डात तर या वाक्यामुळे फार वेळ जायचा. रस्त्यात कुणी वेल्डर दिसला, त्यानं हात केला, की हे गाडी थांबवून उतरणार, दार लावणार, त्याचं ऐकून घेणार, मग परत बसणार. गेटपासून ऑफिसपर्यंतच्या चारशे मीटरना आम्हाला कधी कधी पंधरा मिनिटं लागायची. मी आत बसून घड्याळ बघायचो. दुसरा इलाज नव्हता, कारण ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी तीनदा नापास झालो होतो आणि चौथ्यांदा जायची हिंमत राहिली नव्हती.

आमची कंपनी स्टीलच्या टाक्या बनवते. मी तिथं एचआर आणि अ‍ॅडमिन बघतो, म्हणजे कुणाचा व्हिसा संपला, कुणाची रजा राहिली, कुणाला नोटीस द्यायची, हे सगळं. सुभेदार सेफ्टी ऑफिसर होते. फौजेतून ते नायब सुभेदार म्हणून रिटायर झाले होते. हमरियात आल्यावर त्यातला नायब गळून पडला आणि त्यांनीही तो कधी उचलून परत लावला नाही. मूळ गाव साताऱ्याकडचं. उंची बेताची, मिशी पांढरी पण भरघोस, शर्टाची बाही कोपराच्या बरोबर वर दुमडलेली. जेवताना कधी बोलायचे नाहीत आणि बोलताना कधी बसायचे नाहीत.

आता कर्नलबद्दल सांगायला हवं. हा कुणी त्यांच्या पलटणीतला अधिकारी नव्हे. हा एक अमेरिकन माणूस, सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचा. इंग्रजांविरुद्ध अमेरिका उठली तेव्हा हा शेत सोडून बंदूक घेऊन गेला, बर्फात फाटक्या बुटांनी चालला, मांडीत गोळी खाल्ली, कर्नल झाला. लढाई संपल्यावर गावच्या लोकांनी त्याला असेंब्लीवर पाठवलं, पुढे तो काँग्रेसमध्येही गेला. आपल्या नव्हे, त्यांच्या. अमेरिकेतसुद्धा त्याच्या तालुक्याबाहेर त्याचं नाव कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. पण सुभेदार तरुणपणी कामठीच्या छावणीत असताना रद्दीच्या दुकानात त्यांना लाल कापडी बांधणीचं एक जाडजूड पुस्तक सापडलं होतं. कर्नलच्या नातवानं लिहिलेलं आजोबांचं चरित्र. सुभेदारांचं इंग्रजी तेव्हा शाळेपुरतंच होतं. त्यांनी शेजारी डिक्शनरी घेऊन, सीमेवरच्या एका पोस्टिंगवर सबंध हिवाळा घालवून ते वाचलं. बाहेर बर्फ होतं आणि पुस्तकातही बर्फ होतं, म्हणून बरं समजलं, असं ते म्हणायचे. त्यानंतर त्यांनी दुसरं पुस्तक वाचल्याचं ऐकिवात नाही. गरज पडली नाही.

एखादी अडचण आली की सुभेदारांचं ठरलेलं उत्तर असे, "कर्नलला विचारून सांगतो." रात्री खोलीवर जाऊन ते पुस्तक उघडत, त्या अडचणीला लागू पडेल असा प्रसंग शोधत आणि सकाळी उत्तर आणत. रजा मागावी का, भांडलेल्या रूममेटशी आधी कुणी बोलावं, मुलीचं लग्न लवकर करावं की शिकू द्यावं, सगळ्याला कर्नलकडे उत्तर होतं. माझ्या बायकोनं एकदा गमतीनं विचारलं, की घरात पाळीव मांजर ठेवावं का. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की कर्नलकडे तीन होती, ठेवा. मांजर अजून आमच्या सोफ्यावर असतं.

पण त्यांची खरी कमाल सकाळी सहाला दिसायची. प्रत्येक यार्डात शिफ्ट सुरू होण्याआधी दहा मिनिटं कामगारांना रांगेत उभं करून सेफ्टीबद्दल बोलायचं असतं, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. बाकी ठिकाणी सेफ्टी ऑफिसर कागद वाचतो, हेल्मेट घाला, ग्लव्ज घाला, आणि माणसं उभ्या उभ्या पेंगतात. सुभेदारांनी कागद कधी वाचला नाही. ते कर्नलची गोष्ट सांगायचे, हिंदीतून, रोज थोडी थोडी. कर्नल बर्फाळ नदी ओलांडतो, होडीत जास्त माणसं चढतात, होडी कलंडते, तेव्हा क्रेनचं लोड आधी तपासा. कर्नलच्या शिपायांचे बूट फाटतात, बोटं गळून पडतात, तेव्हा सेफ्टी शूज घाला. मांडीतली गोळी तीन दिवस कुणाला सांगितली नाही, पाय कायमचा लंगडा झाला, तेव्हा साधं खरचटलं तरी येऊन सांगा. बांगलादेशी, नेपाळी, पाकिस्तानी, बिहारी, सगळे कान टवकारून ऐकायचे. लेट मार्क जवळजवळ बंद झाले, कारण उशिरा आलं तर कालच्या गोष्टीचा पुढचा भाग चुकतो. माझं ऑफिस साडेसातला सुरू व्हायचं, पण गाडी त्यांची, म्हणून मी पावणेसहालाच खिडकीत बसून हे फुकट ऐकायचो. तीन वर्षांत कर्नलचं आयुष्य दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हाही कुणी तक्रार केली नाही.

मी त्यांची टिंगल करायचो, हे कबूल करतो. म्हणायचो, सुभेदार, तुमच्या कर्नलला आमच्या पेट्रोलचे भाव कळतात का? ते रागवायचे नाहीत. मला वाटतं माझी टिंगल त्यांना खोकल्यासारखी वाटत असावी, ज्याला येतो त्याला येऊ द्यावा.

मे महिना होता. जूनअखेरीस सुभेदारांचा व्हिसा संपत होता आणि साठी उलटलेल्या माणसाचं रिन्यूअल पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर असतं. फाईल माझ्याकडून जीएम साहेबांच्या टेबलावर जायची होती. सुभेदारांना आणखी दोन वर्षं हवी होती. त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं. चहाच्या दुकानापुढे उभं असताना ते म्हणाले, "तिकडं पोराचा वन बीएचके आहे पुण्यात. सून चांगली आहे, नातू चांगला आहे. पण मी तिथं हॉलमधल्या सोफ्यावर झोपतो आणि टीव्हीचा रिमोट मागून घ्यावा लागतो. इथं सकाळी सहाला अडतीस माणसं माझी वाट बघतात." बायको जाऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. मी म्हटलं, काळजी करू नका, करून देतो. आणि माझ्या मनातही तसंच होतं.

त्याच आठवड्यात फोरमन रफीकनं त्यांना एक अर्ज दिला.

उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन बाहेरचं काम बंद ठेवावं लागतं, तसा नियमच आहे. आमच्या कंपनीत काम बंद असायचं, पण विसाव्याला जागा म्हणून एक रिकामा कंटेनर ठेवला होता. लोखंडी डबा, त्यात एक पंखा, तोही बंद पडलेला. माणसं त्यात न जाता ट्रेलरच्या खाली सावलीला झोपायची. ट्रेलर सुरू झाला तर काय होईल, हे सांगायला सेफ्टी ऑफिसर लागत नाही. सुभेदारांनी दोनदा ईमेल केला होता आणि दोन्ही ईमेल माझ्याच फोल्डरमध्ये पडून होते. आता कामगारांनी कुणाकडून तरी इंग्रजीत अर्ज लिहून घेतला होता, की सावलीसाठी कापडी शेड आणि एक मोठा कूलर द्यावा. खाली अडतीस सह्या आणि अंगठे. आणि वर, जिथं जीएम साहेबांचं नाव असायला हवं, तिथं लिहिलं होतं, माननीय कर्नल साहेब यांस.

सुभेदारांनी तो मला गाडीत वाचायला दिला आणि मी हसून हसून बेजार झालो. चूक कशी झाली ते लगेच कळत होतं. तीन वर्षं हा माणूस रोज म्हणत होता, कर्नल साबला विचारून सांगतो, आणि दुसऱ्या सकाळी बरोबर उत्तर आणत होता. रात्री फोन होत असणार, असंच त्या माणसांनी धरलं होतं. सुभेदारांचा जुना साहेब, लढाईत लंगडा झालेला, आता कुठल्याशा असेंब्लीत बसणारा मोठा पुढारी. इतक्या बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालतो, तर आमच्या सावलीचं बघणार नाही का?

सुभेदार हसले नाहीत. गाडी चालवता चालवता म्हणाले, "साहेब, मी यांना फसवलं की काय हो?"

मी म्हटलं, छे, वरचं नाव बदला, जीएमचं घाला आणि द्या. पण थोडं थांबा. आधी रिन्यूअल होऊ द्या, जुलैत बघू. त्यांनी विचारलं, एचआर म्हणून खाली तुमचीही सही येईल का? मी म्हटलं, जुलैत बघू म्हणतोय ना. हा सल्ला वाईट नव्हता, आजही कुणालाही मी तोच देईन. ते म्हणाले, कर्नलला विचारून सांगतो.

त्या रविवारी ते आमच्याकडे जेवायला होते. महिन्यातून एकदा यायचे, येताना टरबूज आणायचे आणि माझ्या मुलीला, सईला, कर्नलची गोष्ट सांगायचे. सई तेव्हा चौदा वर्षांची होती. जन्म शारजाचा, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. त्या दिवशी त्यांनी पुस्तकच बरोबर आणलं होतं, अर्जाचं उत्तर शोधत होते ना. सापडलंही होतं. कर्नलच्या जुन्या पलटणीतले शिपाई त्याच्याकडे गाऱ्हाणं घेऊन येतात आणि तो ते असेंब्लीत स्वतः वाचून दाखवतो, असा एक प्रसंग होता. ते खुशीत होते. सईनं पुस्तकाच्या पाठीवरचं नाव बघितलं आणि फोनवर शोधायला लागली. इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. सुभेदारांना तर गरजच वाटली नव्हती, त्यांच्याकडे नातवानं लिहिलेलं होतं.

थोड्या वेळानं सई म्हणाली, "आजोबा, ही ओन्ड पीपल."

त्यांना नीट कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सईला म्हटलं, बास, जेवायला ये. ती म्हणाली, "नो बाबा, इट्स हिज विल. ही बॉट देम. इलेव्हन पीपल. दे आर लिस्टेड आफ्टर द हॉर्सेस."

मग मला मराठीत सांगावं लागलं. कर्नलचं मृत्युपत्र कुणीतरी इंटरनेटवर टाकलं होतं. त्यात जमीन, घोडे, नांगर आणि त्यानंतर अकरा माणसं, त्यातलं कोण कुणाला द्यायचं ते लिहिलेलं. विकत घेतलेली माणसं, गुलाम. सुभेदारांनी पुस्तक उघडलं, पानं उलटली. म्हणाले, "यात घरची माणसं असं लिहिलंय. ओल्ड फॅमिली सर्व्हंट्स. मला वाटलं गडी असतील, पगारी." मग त्यांनी सईला विचारलं, "नावं आहेत का गं पोरी?"

सईनं वाचली. आडनावं नव्हतीच, नुसती नावं आणि पुढे वय. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली, खिशातून पेन काढलं आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर देवनागरीत लिहून घेतली. टॉम, बेक, ज्युडी, सायलस, अशी अकराच्या अकरा. सगळ्यांत लहान चार वर्षांचा होता. माझी बायको पोळ्या गरम करून वाढत होती, ते दोन पोळ्या खाऊन उठले. टरबूज कापायचं राहून गेलं. दाराशी त्यांनी सईच्या डोक्यावर हात ठेवला आणि बरं केलंस म्हणाले. सई नंतर रडली. तिला वाटलं तिनं आजोबांचं काहीतरी मोडलं. मला तिचा राग आला होता, आणि तो राग चुकीचा आहे हेही कळत होतं.

सोमवारी सकाळी चहाला थांबलो नाही. सहा वाजता मी खिडकीत न बसता खाली यार्डात गेलो. का गेलो सांगता येत नाही, त्यांना एकटं सोडू नये असं वाटलं. अडतीस माणसं उभी होती, पिवळी हेल्मेटं, निळे कव्हरऑल. सुभेदारांच्या हातात पुस्तक होतं. यार्डात ते त्यांनी कधी आणलं नव्हतं.

ते म्हणाले, "आज हेल्मेट की बात नहीं. कर्नल साब को मरे हुए दो सौ साल हो गए. मैंने कभी बताया नहीं, आपने कभी पूछा नहीं. गलती मेरी है." माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग त्यांनी सांगितलं, की हा माणूस शूर होता, लढाईत त्याचा पाय कायमचा लंगडा झाला, तेही खरं आहे. पण त्याच्या घरी अकरा माणसं होती, खरेदी केलेली, आणि ही गोष्ट मला काल एका शाळकरी मुलीनं सांगितली. मग पुस्तक उघडून त्यांनी ती अकरा नावं वाचली, हजेरी घेतात तशी, सावकाश. एका नेपाळी माणसानं हेल्मेट काढलं. का काढलं कुणास ठाऊक, पण मग बऱ्याच जणांनी काढलं. यार्डात हेल्मेट काढायला मनाई आहे आणि सुभेदार कुणाला काही बोलले नाहीत.

रफीकनं विचारलं, "तो फिर हमारी अर्जी, साब?"

"अर्जी मेरे पास है," सुभेदार म्हणाले. "जिसने आदमी खरीदे, उसके हाथ से आपकी छाँव नहीं माँगूँगा. मैं खुद माँगूँगा."

दहाच्या सुमारास ते जीएम साहेबांकडे गेले. एचआर म्हणून मलाही आत बोलावलं होतं. जीएम साहेब लेबनॉनचे, वीस वर्षं इथं काढलेले, बोलायला गोड आणि माणूस वाईट नाही. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, हा कर्नल कोण? सुभेदार म्हणाले, "सर, ही इज डेड. आय केम." वरचं नाव त्यांनी खोडलं नव्हतं. सगळ्यांत खाली फक्त आपली सही केली होती, हुद्द्यासकट, आणि तिथं नायब लिहिलं होतं.

जीएम साहेब म्हणाले, हबीबी, चांगली कल्पना आहे, उन्हाळा संपला की बजेटमध्ये घेऊ. सुभेदार उभेच होते. ते म्हणाले, सर, गर्मी गेल्यावर सावलीचं काय करायचं? जीएम साहेब हसले. म्हणाले, बरं बरं, लवकर करू, इन्शाल्ला. सुभेदारांनी आदबीनं विचारलं, की त्या इन्शाल्लाच्या पुढे एक तारीख घालता येईल का. मग जीएम साहेबांनी पेन उचललं, अर्जावर वीस जून लिहिलं आणि सही केली. सुभेदारांनी सॅल्यूट केला आणि ते गेले. मला इतका आनंद झाला होता की हसू दाबावं लागलं.

दार लागल्यावर जीएम साहेबांनी दुसरी फाईल पुढे ओढली. सुभेदारांचं रिन्यूअल. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. त्यांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं? गरज आहे?"

एवढाच प्रश्न होता. मी नाही म्हणालो असतो तर ते दुष्ट दिसलं असतं, हो म्हणालो असतो तर मी त्या अर्जाच्या बाजूचा ठरलो असतो. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये फ्लॅट बघून ठेवला होता, सईच्या शाळेची फी होती, माझंही रिन्यूअल जवळ येत होतं. हे सगळं मी त्या क्षणी मोजलं असं नाही. तोंडातून आपोआप गेलं, "सर, एज इज देअर." वय तर आहेच. खोटं काही बोललो नाही. त्यांनी मान हलवली आणि फाईल बाजूला ठेवली.

पत्र मीच टाईप केलं. माझं कामच ते. आपल्या सेवेबद्दल कंपनी आभारी आहे, वगैरे. सुभेदारांना केबिनमध्ये बोलावून दिलं, त्यांनी वाचलं, पोच म्हणून सही केली आणि तारीख घातली. त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे त्यांच्याच गाडीतून घरी आलो. औद्योगिक क्षेत्रातल्या गॅरेजांपाशी ट्रॅफिक तुंबला होता, अर्धा तास आम्ही एकाच जागी होतो. बोलायला यापेक्षा चांगली संधी मिळाली नसती. मी हवामानाबद्दल बोललो.

पुढचे तीन आठवडे ते रोज सकाळी टॉक द्यायचे. गोष्ट बंद झाली होती. त्याऐवजी ते एकेका कामगाराला पुढे बोलवायचे आणि त्याच्या गावची, त्याच्या कामाची गोष्ट सांगायला लावायचे. पहिले दोन दिवस माणसं लाजली. मग रफीकनं नदीत घर गेलं त्याची गोष्ट सांगितली आणि पुढे रांगच लागली. कर्नलला विचारून सांगतो हे मात्र त्यांनी परत कधी म्हटलं नाही. कुणी काही विचारलं तर थोडा विचार करून स्वतःच उत्तर द्यायचे. कधी कधी म्हणायचे, मला ठाऊक नाही.

एअरपोर्टवर मी टॅक्सी करून त्यांना सोडायला गेलो. सई आणि बायकोही आल्या होत्या. सईनं त्यांना एक वही दिली, कोरी. ते खूश झाले. ट्रॉली ढकलताना मी त्यांना म्हटलं, "सुभेदार, तुमच्या रिन्यूअलच्या वेळी मी..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. म्हणाले, बॅग बरोबर तीस किलो भरली, काढाकाढी करावी लागली नाही. मग माझा हात दोन्ही हातांत धरला आणि आत गेले. त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही. मी फोन करतो तेव्हा ते नातवाचं सांगतात. आवाज पूर्वीसारखा मोठा नसतो. पाठीमागे टीव्ही चालू असतो.

शेड वीस जूनला आली, जीएम साहेबांनी शब्द पाळला. पांढरं जाड कापड, लोखंडी खांब, दोन मोठे कूलर. नवीन सेफ्टी ऑफिसर तरुण आहे, हुशार आहे, मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो. लेट मार्क परत सुरू झालेत. मी जून-जुलैत त्या शेडकडे फिरकलो नाही. काम होतं तरी कुणाला तरी पाठवायचो.

परवा मात्र जावं लागलं. हजेरीचं मशीन बिघडलं होतं, सह्या घ्यायच्या होत्या आणि दुपारी माणसं एकत्र तिथंच असतात. मी आत पाऊल टाकलं, तर झोपलेले उठून बसले. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली, कुणी पाण्याची बाटली दिली. कूलरपुढची सगळ्यांत गार जागा मला मिळाली. सह्या झाल्या. मी उठायला लागलो तेव्हा रफीकनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. कामगार राहतात त्या कॅम्पमधून यार्डात येणाऱ्या बसचा एसी महिनाभर बंद होता, त्याचा अर्ज. म्हणाला, "सुभेदार साब जाने के दिन बोल के गए थे. छाँव साब ने दिलवाई है, अब जो भी हो, साब को बोलना."

मी त्याला विचारलं, कुठले साब?

तो गोंधळला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. त्यानं कागदाच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं माझं नाव होतं, स्पेलिंगसकट बरोबर, आणि खाली अडतीस सह्या होत्या. सगळ्या माणसांची नजर माझ्यावर होती, आणि कुणाच्याही नजरेत शंका नव्हती. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि उद्या सांगतो म्हणालो. रफीकला ते पुरलं. त्यांना उद्याचं उत्तर मिळायची सवय आहे.

अर्जावर मी कालच सही केली. उद्या दहा वाजता जीएम साहेबांची वेळ घेतली आहे. माझं रिन्यूअल सप्टेंबरात आहे.